सोलापुरात बाळंतिणीच्या सोबतीचं काम: अनुभव, आणि सेवा उभी करायची आहे

सव्वामहिना | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी सोलापुरात बाळंतिणीच्या सोबतीचं काम करते. पुण्यामुंबईकडं ह्याला पोस्टपार्टम डूला म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, सेवा करणारी बाई असा. अमेरिकेतल्या डाना राफेल ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात तो बाळंतिणीला आधार देणाऱ्या बाईसाठी वापरला आणि तिथून तो पसरला. मी मात्र दारात उभी राहून "बाळंतिणीच्या सोबतीला आले" एवढंच सांगते. तेवढं सगळ्यांना कळतं.

आजवर एकटीनं केलं. एका वेळी दोन घरं, त्याहून जास्त झेपत नाही. कुणाला नाही म्हणावं लागलं की दिवसभर तेच डोक्यात राहतं. म्हणून आता आणखी तिघींना शिकवून, हाताशी घेऊन ही सेवा नीट उभी करायची आहे.

आधी काम काय ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं मी बाळाला न्हाऊ घालायला जाते. माझी पाळी चार तासांची. घरात शिरल्यावर घड्याळ, बांगड्या, अंगठी पिशवीत, कोपरापर्यंत साबणानं हात, मग बाळंतिणीच्या खोलीत. बाळाकडं बघायचा मोह होतो, पण मी आधी तिच्याशी बोलते. पहिला प्रश्न चार वर्षांत बदललेला नाही: जेवलीस का? साखर पेठेतल्या तेलुगू घरात गेले की "तिन्नावा?" आणि कानडी घरात "ऊटा आतेन?" आपल्या गावात तिला म्हणायचे शब्दही किती जवळचे बघा. मराठीत बाळंतीण, तेलुगूत बालिंत, कन्नडमध्ये बाणंती.

मग ती जेवते आणि बाळ मी घेते. गरम भाकरी, दोन्ही हात मोकळे, मध्ये उठायचं नाही. बाळ झाल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी पहिल्यांदा असं बसून जेवलेल्या आया मी पाहिल्यात. त्यातल्या दोघी घास तोंडात असतानाच रडल्या. जेवणानंतर तिला झोपवायचं, तिच्या टाक्यांची, अंगावरून जाण्याची, पाजण्याची चौकशी करायची, घरच्यांना कामं वाटून द्यायची. मी औषध देत नाही, काढा देत नाही, निदान करत नाही. शंका आली की डॉक्टर किंवा आशाताई.

माझ्या हातून झालेली एक चूक इथं लिहिते, कारण त्या तिघींनाही मी आधी तीच सांगणार आहे. माझं दुसरंच घर होतं. बाळाची आंघोळ, लंगोट, दुपट्यांच्या घड्या, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, सगळं वेळच्या वेळी. सासूबाई खूश. बाळंतीण गप्प असायची, मला वाटलं स्वभाव असेल. एकोणिसाव्या दिवशी मी निघताना तिनं माझ्या पदराचं टोक धरलं आणि म्हणाली, "ताई, हे बाळ माझं आहे असं मला वाटतच नाही." एकोणीस दिवस मी रोज त्या खोलीत होते आणि तिच्याकडं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी तिच्याजवळ बसून राहिले, नवऱ्याला कामावरून बोलावून घेतलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेलो. उपचार झाले, ती बरी झाली. मुलगा आता बालवाडीत जातो.

त्यानंतर मी एडिंबरा प्रश्नावली शिकून घेतली. १९८७ सालची, दहाच प्रश्न, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारणारी. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथं "कधीच नाही" सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर तिला एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर मी प्रत्येक घरात फ्रिजवर चिकटवते. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. दर काय ठेवावा. पिढ्यान्‌पिढ्या न्हाऊ घालणाऱ्या मावश्यांच्या पोटावर पाय न येता हे कसं करावं. आणि विडी घरकुलासारख्या, म्हणजे विडी वळणाऱ्या बायकांच्या वसाहतीसारख्या भागात, जिथं सोबतीची सगळ्यात जास्त गरज आहे आणि पैसे सगळ्यात कमी, तिथं कसं पोचावं.

पार्कचौक | रविवार, रात्री १०.२५

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण मनात आलं ते विचारतो. आमच्या घरात आई, आत्या, मावशी होत्या. माझ्या बहिणीची दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली, सव्वा महिना तिला खोलीबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. हे घरचं काम. पैसे मोजून परकी बाई आणली तर उद्या आपलीच माणसं अंग काढून घेतील, अशी भीती वाटते.

मंगळवेढेकर | रविवार, रात्री ११.१०

दादा, माहेर असेल तर तुमचं सगळं खरं आहे.

माझं माहेर मंगळवेढ्याचं. गावाला ज्वारीचं कोठार म्हणतात. आमच्या घरी मालदांडीची पोती असायची. मला सातवा महिना लागला होता तेव्हा माझी आई गेली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी. बाळ झाल्यावर पाचव्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होते आणि अंगावरून जाणारं पायापर्यंत आलं होतं. शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं, आत आल्या आणि माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं. काही बोलल्या नाहीत, मला हात धरून पलंगावर नेलं. पुढचे वीस दिवस त्यांनी दोन वेळचा डबा दिला.

त्या काकू नसत्या तर काय झालं असतं हा विचार मी अजून करते. ज्यांना काकू मिळत नाही त्यांच्यासाठी कुणी असेल तर त्याचे पैसे का देऊ नयेत?

पूर्वभाग_मुलगी | सोमवार, सकाळी ७.०५

मी फार लिहीत नाही इथं, पण हे वाचून राहवलं नाही.

माझी आई तीस वर्षं न्हाऊ घालते. अशोक चौक, भवानी पेठ, साखर पेठ, तेलुगू पद्मशाली घरं, मराठी घरं, सगळीकडं. पहाटे पाचला निघते, उन्हाच्या आत चार घरं करते. पायावर बाळ घेऊन बसते ती तिची बैठक बघण्यासारखी आहे. दोन्ही पाय सरळ, बाळ नडगीवर पालथं, डाव्या हाताचा पंजा हनुवटीखाली, आणि पाण्याचा तांब्या इतका हळू की नाकातोंडात थेंब जात नाही. अंगातला ताप तिला हातानं कळतो.

तिला मिळायचं काय? बारशाला साडी-चोळी, खण-नारळ, आणि महिन्याकाठी जे देतील ते. भाव करायला तिला लाज वाटायची. आता गुडघे गेलेत. लोक म्हणतात मावश्या अडाणी, नवीन शिकलेल्या बायका आणा. ताई, तुम्ही तिघी शोधताय ना? आईसारख्यांना त्या तिघींमध्ये जागा आहे का, की तुम्हाला फक्त बारावी झालेल्या हव्यात?

सव्वामहिना | सोमवार, सकाळी ८.३०

जागा आहे. खरं तर हा धागा काढताना हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचत होता. मी जे कोर्समध्ये पैसे भरून शिकले त्यातलं निम्मं तुमच्या आईच्या हातात आहे. बाकीचं निम्मं, म्हणजे काय करू नये आणि दवाखान्यात कधी पाठवावं, ते आपण मिळून बसून ठरवू. त्यांचा नवा-जुना अनुभव ऐकायला मी स्वतः तुमच्या घरी येईन, चालेल का?

निवृत्त_सिस्टर | सोमवार, दुपारी २.५०

प्रसूती वॉर्डात एकतीस वर्षं काढली. मावश्यांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पण ज्या गोष्टींनी बाळं माझ्यासमोर दवाखान्यात आली त्या सांगितल्याच पाहिजेत.

बाळाची छाती पिळणं बंद करा. जन्मल्यावर मुलगा असो की मुलगी, छाती थोडी फुगते, कधी दुधासारखा थेंब येतो. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळं होतं आणि आपोआप जातं. पिळलं की गळू होतो. कानात-नाकात तेल नको, फुंकर मारून नाक साफ करणं नको. नाळेला हळद, राख, पावडर, तेल काही नको, नाळ कोरडी ठेवायची. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. पहिली आंघोळ निदान चोवीस तासांनंतर.

गुटीबद्दल भांडण होतं हे मला माहीत आहे. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. सहाणेवर उगाळलेलं वेखंड, जायफळ, मुरुडशेंग आपल्याला शुद्ध वाटतं, पण सहाण कुठं ठेवली होती, पाणी किती दिवसांचं होतं? आपल्याकडं चार-चार दिवसांनी नळाला पाणी येतं, पिंपात साठवलेलं पाणी तान्ह्याच्या पोटात कशाला?

आणि शेगडी. सोलापुरात मार्च ते मे पारा चाळिशी ओलांडतो. त्यात खिडक्या लावून, बाजेखाली निखारे ठेवून शेक देतात. बंद खोलीत कोळशाचा जो वायू साठतो त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. बाळ गरम झालं की ते दूध ओढत नाही, लघवी कमी करतं, अंग तापतं. लोक म्हणतात नजर लागली. मालिश हवी तर द्या, बाळंतिणीला बरं वाटतं. पण खिडकी उघडी, निखारे खोलीबाहेर, आणि सिझर झालेलीच्या पोटावर किंवा टाक्यांवर हात नाही.

आता बाळंतिणीचं. ही यादी फ्रिजवर लावा, १४४१६ च्या शेजारी. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय. थंडी वाजून ताप. अंगावरून जाण्याला घाण वास. डोकं फुटल्यासारखं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी, कारण बीपीचा झटका बाळंतपणानंतरही येतो, सहा आठवड्यांपर्यंत कधीही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय. दम लागतोय. ह्यातलं एक दिसलं तरी दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त असेल, अंग गार पडलं असेल, तळवे पिवळे असतील, श्वास घेताना छाती आत जात असेल, तरीही तेच. १०८ किंवा १०२.

सोबतीला जाणाऱ्या बाईला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी तिची टीबीची तपासणी. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी सुट्टी. हे तुमच्या नियमात पहिल्या ओळीत लिहा.

सव्वामहिना | सोमवार, रात्री ९.१५

सिस्टर, छापून घेते तुमचा प्रतिसाद, परवानगी असेल तर.

शेगडीवरून गेल्या एप्रिलमधलं एक घर आठवलं. तिसरा मजला, वर गच्ची तापलेली. खोलीत गेले तर बाळंतिणीच्या डोक्याला स्कार्फ, कानात कापूस, पायांत मोजे, खिडकीला जाड चादर बांधलेली. आजी ओवा आणि बाळंतशेपेची धुरी देत होत्या. बाळ चार दिवसांचं, तीन दुपट्यांत गुंडाळलेलं, गाल लालबुंद. आजींना मी चूक म्हटलं असतं तर मला दुसऱ्या दिवशी दार उघडलं नसतं. मी म्हटलं, "आजी, तुमचा हात बाळाच्या पाठीवर ठेवा बघू." त्यांनी ठेवला. मग म्हटलं, "आता तुमच्या स्वतःच्या मानेवर." त्या काही बोलल्या नाहीत, उठल्या आणि चादर सोडली. दोन दुपटी मी काढली, बाळाला लगेच पाजायला लावलं, लघवी कधी झाली ते लिहून ठेवलं, आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. संध्याकाळी आजींनीच धुरी अंगणात न्यायची ठरवली. प्रथा मोडली नाही, जागा बदलली.

ही युक्ती मी मुद्दाम लिहितेय. आजींशी भांडून कोणत्याच बाळंतिणीचं भलं होत नाही, आपण गेल्यावर तिलाच त्या घरात राहायचं असतं.

नवाबाबा_होटगीरोड | मंगळवार, मध्यरात्री १.२०

इथं विचारू का माहीत नाही. शनिवारी सिझर झालं, मुलगी झाली. उद्या घरी सोडतायत. सासूबाईंचा पाय मोडलाय, माझी आई गावी शेतात, पुढच्या आठवड्यात येईल. बायको म्हणते दूध येत नाही. वॉर्डातल्या दोघी-तिघी म्हणाल्या डबा, म्हणजे पावडरचं दूध, सुरू करा. मुलगी सारखी रडते. मला काय करायचं ते सांगा, मी सगळं करायला तयार आहे.

सव्वामहिना | मंगळवार, पहाटे ५.४०

दादा, अभिनंदन. आधी तुमच्या बायकोला सांगा की तिचं काही चुकत नाहीये. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, पिवळसर, थोडा, पण तेवढाच बाळाला लागतो. पोट लहान असतं. भरून दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझरनंतर एखाद दिवस उशिरा. म्हणजे तुमचा आजचाच दिवस आहे.

दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं, घड्याळ न बघता, मुलगी तोंड इकडंतिकडं फिरवून शोधू लागली, मूठ चोखू लागली की लगेच. रडणं हे भुकेचं शेवटचं लक्षण. सिझरमुळं मांडीवर घेऊन बसता येत नसेल तर कुशीवर झोपून पाजावं, किंवा बाळ काखेखालून घ्यावं, पाय आईच्या पाठीकडं, म्हणजे टाक्यांवर वजन येत नाही. उशी तुम्ही लावून द्यायची. बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. नुसतं टोक तोंडात असेल तर आईला दुखतं आणि बाळाचं पोट भरत नाही. तिला दुखत असेल तर करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

पुरतंय का ते रडण्यावरून ठरवू नका, लंगोटावरून ठरवा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली, शी काळी जाऊन पिवळी झाली, की पुरतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. दवाखान्यातून निघायच्या आधी वजन लिहून घ्या आणि तिथल्या सिस्टरना एकदा लावून दाखवायला सांगा. डबा द्यायचा की नाही ते बालरोगतज्ज्ञ वजन आणि लघवी बघून सांगतील, शेजारच्या कॉटवरून ठरवायचं नाही. पाणी, मध, साखरपाणी काहीच नको, कितीही ऊन असलं तरी. दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं.

तुमची कामं: ढेकर काढणं, लंगोट बदलणं, बायकोच्या हाताशी पाण्याचा तांब्या भरलेला ठेवणं, तिला उठताना कुशीवर वळवून हात देणं, बाळापेक्षा जड काही उचलू न देणं, आणि भेटायला येणाऱ्यांना दारातून परत पाठवणं. हे शेवटचं फक्त तुम्हालाच जमेल.

स्वयंपाक येत नसेल तर काळजी करू नका. मऊ भात-वरण, तूप, ज्वारीची ताजी भाकरी, पालेभाजी, हळिवाची खीर. डिंकाचे लाडू आई आल्यावर करतील. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस चालू ठेवायची, दोन्ही वेगवेगळ्या वेळी, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तहान लागेल तेवढं द्या.

आणि ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडली तर घाबरू नका, विचारत बसू नका, जवळ बसा. दोन आठवड्यांत हे ओसरतं. ओसरलं नाही, किंवा वाढत गेलं, तर डॉक्टर.

निवृत्त_सिस्टर | मंगळवार, सकाळी ६.३०

सगळं बरोबर सांगितलंय. एक जोडते. तुमच्या भागातल्या आशाताईंना आजच फोन करा. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी त्यांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं, वजन आणि ताप बघायचा असतो. हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ११.००

ताई, सेवा उभारण्याच्या कागदपत्रांचं थोडक्यात. सरकारी संकेतस्थळावर उद्यम नोंदणी करा, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तुमच्याइतकी थोडी माणसं असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणी लागत नाही. वेगळं बँक खातं उघडा, प्रत्येक घराला पावती द्या, पावतीपुस्तक साधं चालेल.

घराशी एक पानाचा करार मराठीत करा: किती दिवस, किती तास, काय करणार, काय करणार नाही, रद्द झालं तर पैशांचं काय. आणि तुमच्याकडं काम करणाऱ्या बायकांची पोलीस पडताळणी करून घ्या. त्यांच्याही सुरक्षेसाठी घराचा पत्ता आणि परतायची वेळ तुमच्याकडं लिहिलेली हवी.

सव्वामहिना | मंगळवार, रात्री १०.०५

धन्यवाद. करारात मी एक ओळ आधीपासून घालते: बाळाचा किंवा आईचा फोटो आम्ही काढणार नाही, स्टेटसला टाकणार नाही. न्हाणीघरापर्यंत ज्या घरानं आपल्याला आत घेतलं त्याची ही किमान जबाबदारी.

दराबद्दल. मी आज चार तासांचे ६०० रुपये घेते. जुळे सोलापूर, विजापूर रोडकडच्या घरांना हे जड जात नाही. विडी घरकुलात कुणाला सांगताही येत नाही, आणि तिथलंच एक घर मला ह्या सगळ्याकडं घेऊन आलं.

ओळखीच्या आशाताईंबरोबर गेले होते. अठरावा दिवस. एका खोलीचं घर, छताच्या कडीला साडीची झोळी, त्यात बाळ. आई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली तेंदूची पानं, दोऱ्याचं रीळ. बोलतानाही हात थांबत नव्हते. पान गोल करायचं, चिमूट भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. हजार विड्यांमागं मजुरी, आणि घरात दुसरी कमाई नाही. बाळ रडलं तसं तिनं सूप बाजूला सारलं आणि त्याच हातांनी घेतलं. मी तिला "काम करू नको" म्हणू शकत नव्हते. कोणत्या तोंडानं म्हणणार? एवढंच ठरवलं: पाजायच्या आधी साबणानं हात धुवायचे, वळताना अंगावर जुना शर्ट घालायचा आणि पाजताना काढायचा, झोळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला दाराकडं हलवायची म्हणजे तंबाखूची धूळ बाळापर्यंत कमी जाईल. झोळी हलवायला शेजारचा मुलगा आला. कडी नव्यानं ठोकली.

मग कागद बघितले. पहिलं बाळ, रेशनकार्ड आहे, तरी मातृ वंदना योजनेचा अर्ज भरलेलाच नव्हता. पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. आशाताई आणि मी मिळून अर्ज भरला. आधार बँकेला जोडलेलं नव्हतं, त्यासाठी दोन फेऱ्या झाल्या. बाळाला तिथं कडेवर मीच घेऊन उभी होते आणि ती अंगठा देत होती.

म्हणून माझा विचार असा आहे. पाच घरं पूर्ण दरानं केली की सहावं घर ह्या भागातलं, फुकट, पण पाळी पूर्ण चार तासांची, कमी नाही. जी बाई जाईल तिला मजुरी तीच, ६०० मधली ४५०, उरलेल्या पाच घरांतून जे जमतं त्यातून. आणि मावशीला न्हाऊ घालण्याचे वेगळे पैसे, ठरवून, पावतीवर लिहून. खण-नारळ तिला द्यायचा असेल तर घरच्यांनी आनंदानं द्यावा, पण मजुरीऐवजी नाही.

हिशेबनीस, हे गणित टिकेल का ते बघा.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी १०.२०

बघितलं. पाच घरांतून दर पाळीमागं १५० उरले तर ७५०, त्यातून सहाव्याचे ४५० गेले, उरले ३००. सहाही घरांचे दिवस सारखे असतील तर. त्यात प्रवास, साबण, हातमोजे, छपाई. काठावर आहे, पण बुडत नाही. पहिले सहा महिने स्वतःच्या पाळ्या सोडू नका आणि दर महिन्याला एकदा हिशोब मांडा. मी फी घेणार नाही.

नवाबाबा_होटगीरोड | बुधवार, रात्री ८.४५

आलो घरी. काखेखालून धरून जमलं. दुपारपासून छाती भरून आली म्हणते. लघवी आज चार वेळा, वहीत लिहितोय. आशाताई येऊन गेल्या, वजन केलं. मी आज पहिल्यांदा वरण-भात केला, तिनं दोनदा घेतला. ताई, शुक्रवारपासून दहा दिवस तुम्ही किंवा तुमच्यापैकी कुणी येऊ शकाल का? पूर्ण दरानं.

पार्कचौक | बुधवार, रात्री ९.३०

तीन दिवस हा धागा वाचतोय. मंगळवेढेकर ताईंचं वाचून बहिणीला फोन केला. तिला विचारलं, तुझ्या वेळी काय हवं होतं? ती म्हणाली, सगळे होते रे, पण सगळे बाळाभोवती होते. हे मला आजवर माहीत नव्हतं.

पार्क चौकाजवळ आमच्या जुन्या घरात खालची मोठी खोली रिकामी आहे, पंखा आहे, न्हाणीघर शेजारीच. रविवारी सकाळी शिकवण्यासाठी वापरा. भाडं नको.

सव्वामहिना | बुधवार, रात्री १०.१०

होटगी रोड दादा, शुक्रवारी सकाळी नऊला मीच येते, पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका. पार्कचौक दादा, खोली घेते, मनापासून. सिस्टर, पहिल्या रविवारी तुम्ही याल का?

निवृत्त_सिस्टर | बुधवार, रात्री १०.१५

येते. बाहुली आणि वजनकाटा माझ्याकडं आहे.

पूर्वभाग_मुलगी | गुरुवार, सकाळी ६.५०

आईला काल रात्री सगळं वाचून दाखवलं, तेलुगूत सांगून सांगून. छाती पिळायची नाही ह्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, माझ्या सासूनं शिकवलं तसं मी केलं. नंतर म्हणाली, त्या सिस्टरना विचार, मग बाळाची छाती दगडासारखी लागली तर काय करायचं? हे तिला खरंच जाणून घ्यायचंय.

पावतीवर तिचं नाव लिहिणार का, हेही विचारलं. हो म्हणून सांगितलं.

रविवारी तिला मी गाडीवरून सोडते. त्याआधी तुम्ही घरी येणार म्हणालात ना ताई, शुक्रवारी नको, शुक्रवारी आमच्याकडं पाणी येतं. शनिवारी दुपारी या.